सरावाचा कागद

माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकही जण कधी वेळेवर आला नाही. दहाचा वर्ग साडेअकराला सुरू व्हायचा, तोही चहा झालेला असेल तर. उशिरा आले म्हणून त्यांना बाकावर उभं करायची सोय नव्हती, कारण त्यांतले निम्मे मला चौकशीत उभं करू शकतील असे होते. सभापती, जिल्हा परिषदेचे सदस्य, गटविकास अधिकारी, नायब तहसीलदार, अव्वल कारकून अशी ती मंडळी. सव्वीस वर्षं मी त्यांना शिकवलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि पहिले पंधरा दिवस नुसते झोपून काढले.

मी नेमकं काय शिकवत होते हे आमच्या घरातही कुणाला धड सांगता येत नाही. माझी नणंद पाहुण्यांना सांगते, "आमची वहिनी साहेबलोकांना योजना शिकवते." ऐकणाऱ्याला वाटतं की ही योजना मिळवून देते, आणि तो बसल्या जागी आपल्या आईच्या आधार कार्डाचा फोटो मला पाठवतो. असे फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहेत. तेव्हा आमचा धंदा काय होता, ते आधी सांगून टाकते.

म्हातारी माणसं, एकट्या पडलेल्या बाया, अपंग, हातावर पोट असलेले मजूर यांना सरकार काही ना काही आधार देतं. मोठे नियम वरून येतात हे खरं, पण खाली ठरण्यासारखंही पुष्कळ असतं. यादी कशी करायची, नाव कशावरून घालायचं, कशावरून काढायचं, तपासायला कधी जायचं. जिल्हा परिषदेला तर स्वतःच्या फंडातून लहान लहान योजना आखता येतात. हे सगळं ठरवणारी माणसं आमच्या प्रशिक्षण केंद्रावर तीन दिवसांसाठी यायची. योजना आखावी कशी आणि ती राबवल्यावर खरंच काही फरक पडला का हे ओळखावं कसं, एवढं त्या तीन दिवसांत त्यांच्या गळी उतरवायचं, हे माझं काम.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर दोनच शब्द लिहायची. एक 'घुसलेला' आणि दुसरा 'सुटलेला'. ज्याला गरज नव्हती तरी ज्याचं नाव यादीत आलं तो घुसलेला. ज्याला हवं होतं आणि ज्याचं नाव आलंच नाही तो सुटलेला. मग विचारायची, यांतला कोणता तुम्हाला जास्त त्रास देतो? सव्वीस वर्षं एकच उत्तर आलं: घुसलेला. घुसलेल्याच्या नावानं तक्रारी येतात, पेपरात बातमी येते, विरोधक बोंब मारतात. सुटलेल्याच्या नावानं कोणीच येत नाही. तो स्वतःही येत नाही, कारण आपण सुटलोय हेच त्याला माहीत नसतं. हे मी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी शेवटी सांगताना मलाच जांभई यायची.

गेवराईकडची बॅच असली की वेगळंच. तुमच्या भागातला मोठा प्रश्न कोणता, असं विचारलं की उत्तर यायचं वाळू, म्हणजे नदीतून होणारा चोरटा उपसा. आणि वाळूचा विषय निघाला की एक बाक दुसऱ्या बाकाच्या अंगावर जायचा. दोन वेळा हा प्रसंग पाहिल्यावर गेवराईच्या बॅचला मी प्रश्नच बदलला. तुमच्याकडं जेवणात काय आवडतं, असं विचारून सुरुवात करायची.

माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यांत नामी गिऱ्हाईक म्हणजे विश्वंभरअण्णा. एका पंचायत समितीचे सभापती. धिप्पाड माणूस, पांढरा सदरा, खिशात दोन मोबाइल. कोणत्या तालुक्याचे ते मी लिहिणार नाही, त्याचं कारण पुढं कळेल. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना दहा प्रश्नांची छोटी चाचणी दिली, तर अण्णांनी कागद उलटा करून ठेवला.

"मॅडम, आमची परीक्षा कावून घेता? आमी दर पाच सालाला देतोय की."

मी म्हटलं, "ती पास होण्यासाठी असते. ही नापास होण्यासाठी आहे."

यावर ते हसले, पण कागद सरळ केला नाही.

त्यांच्या पुढाकारानं गावोगावच्या मुलींना सायकली वाटल्या होत्या. अण्णा वर्गात उभे राहून सांगू लागले, "सायकली दिल्या आन पोरींची हजेरी वाढली. रजिस्टर हाय आमच्यापाशी. झाली न्हवं योजना यशस्वी?"

मी विचारलं, "शेजारच्या गावात काय झालं?"

"तिथं कुटं दिल्या सायकली!"

"म्हणूनच विचारतेय."

दुसऱ्या दिवशी आमची गावफेरी होती. तेव्हा शेजारच्या शाळेचं रजिस्टरही पाहिलं. तिथंही हजेरी वाढली होती. त्या वर्षी सकाळच्या एस.टी.ची वेळ बदलून शाळेच्या वेळेला जुळली होती, आणि दोन्ही गावच्या मुली तिनंच येत होत्या. अण्णा त्या दिवशी जेवणाचं ताट घेऊन दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले. माझ्या धंद्याचा हा गाभाच आहे. योजना दिल्यावर बरं झालं म्हणजे योजनेमुळं बरं झालं असं नाही, जिथं दिली नाही तिथंही बघावं लागतं. पण ही गोष्ट सांगितल्यावर माणूस खूश झालेला मी पाहिलेला नाही.

त्याच फेरीत एका घरी सायकल दिसली, तिच्या कॅरिअरला दुधाची कॅन बांधलेली. मुलीचा बाप रोज तिच्यावरून डेअरीला दूध घालायचा. आमच्या अधिकाऱ्यांनी तत्परतेनं 'गैरवापर' असं लिहून घेतलं. अण्णा दारातच उभे होते. ते म्हणाले, "लिवा, खुशाल लिवा. पर त्या दुधावर तर पोरगी शाळंत हाय. न्हाईतर बापानं आवंदा लगीन लावून दिलं असतं." मी मुलीच्या आईकडं पाहिलं, तिनं मान हलवली. माझ्या तपासणीच्या तक्त्यात हे उत्तर लिहायला जागा नव्हती. पुढच्या बॅचपासून मी तो रकाना घातला. तो अण्णांचा, हे मी प्रत्येक वर्गात सांगायची.

अण्णांनीही माझा प्रश्न उचलला. कुठल्याही बैठकीत विरोधकानं आपल्या कामाचा डांगोरा पिटला की ते शांतपणे विचारायचे, "शेजारच्या गावात काय झालं?" ज्ञानाचा असा उपयोग होईल हे माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं, पण माझी तक्रार नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट. तिची सुरुवात माझ्या हौसेत आहे, हे आधीच कबूल करते.

गावफेरी खरी वाटावी, असा माझा हट्ट असायचा. म्हणून आम्ही खऱ्या गावातली खरी यादी घ्यायचो. निराधारांच्या पेन्शनची यादी, जिला आमच्याकडं सगळे 'पगार' म्हणतात. पडताळणीचा अर्जही मी कचेरीतल्यासारखाच छापून घेतला होता, तोच आकार, तेच रकाने. फक्त वरच्या पानावर 'सराव' असं छापलेलं. गटानं घरोघर जायचं, नोंदी करायच्या, शेवटी आपला निर्णय लिहायचा, आणि मी खाली 'तपासले' असं लिहून सही करायची. सहीशेजारी आमच्या केंद्राचा गोल शिक्का. शिक्क्याची काही गरज नव्हती. पण शिक्का मारला की मंडळी सरळ बसायची, म्हणून मी मारायची.

ही फेरी दिवाळीनंतरची होती. अण्णांच्याच तालुक्यातलं गाव. एका वस्तीवर गट गेला तर ओळीनं घरांना कुलपं. शेळ्या नाहीत, कुत्रीसुद्धा नाहीत. गटप्रमुख होते अव्वल कारकून मस्के, फार नेमका माणूस, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी कुलपं मोजली, नावं लिहिली आणि निर्णय लिहिला: 'खालील तेवीस लाभार्थी दिल्या पत्त्यावर आढळून आले नाहीत. सबब त्यांचा लाभ बंद करावा.' मी 'तपासले' लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

हे उत्तर चूक होतं, आणि ते चुकावं म्हणूनच मी हा महिना आणि ही वस्ती निवडली होती. आमच्या जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की हजारो घरं ऊसतोडीला बाहेर जातात. जोडीनं काम करणाऱ्या मुलगा-सुनेबरोबर म्हातारीही जाते, उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, नातवंडं कोण सांभाळणार? ती परत येते उन्हाळ्यात. तेव्हा हिवाळ्यात जाऊन 'आढळून आली नाही' लिहिणं म्हणजे तिला सुटलेल्यांत ढकलणं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हे सगळं फळ्यावर मांडलं. मस्क्यांनी कपाळावर हात मारला. वर्ग हसला. फार चांगला तास झाला होता तो.

फक्त झालं असं, की बरोबर उत्तर फळ्यावर होतं आणि चुकीचं कागदावर. फळा पुसला गेला.

गुढीपाडव्याच्या आसपास अण्णांचा फोन आला.

"मॅडम, आमच्या तालुक्यातली तेवीस मानसं तुमी गायब केली."

"काय बोलताय अण्णा?"

"सही तुमची हाय. म्या सोताच्या डोळ्यानं बघितली. तपासले, आन खाली तुमचं नाव. गोल शिक्का बी हाय. बँकेत गेलती एक म्हातारी, तिला म्हन्ले पगार बंद हाय. म्हनून मी कचेरीत गेलतो."

मी दुपारच्याच एस.टी.नं अण्णांच्या तालुक्याच्या तहसील कचेरीत गेले. मस्के माझी वाटच पाहत होते. चेहरा उतरलेला, पण फाईल तयार.

"मस्के, अहो हा सरावाचा कागद होता!"

"व्हय मॅडम."

"मग तो इथं आला कसा?"

"म्याच आनला. गाव आमच्या तालुक्यातलं हाय. सरकारी यादी, सरकारी मानसानं लिवलेलं, खाली सही, शिक्का. असा कागद कुटं ठेवनार? घरी न्हेता येत न्हाई, फाडता येत न्हाई. आलेल्या कागदांच्या वहीत, आवकला लावला. नंबर पडला."

"वरचं पान? त्याच्यावर सराव लिहिलं होतं."

"ते तुमीच काढून घेतलं, हजेरीला."

हे खरं होतं. वरच्या पानावर सगळ्यांच्या हजेरीच्या सह्या असायच्या, ते मी माझ्या फायलीला लावायची. मस्क्यांनी कागद आवकला लावला आणि त्यांचं टेबल बदललं. नव्या माणसानं कागद पाहिला, पुढं ठेवला. वर मंजुरी मिळाली. ऑपरेटरनं कॉम्प्युटरवर तेवीस नावांपुढं खूण केली. कोणी लबाडी केली नाही, कोणी आळस केला नाही. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं, हे पाहून मला जास्तच धडकी भरली. मस्क्यांवर ओरडायचं मी ठरवून गेले होते, पण ओरडता आलं नाही. बिनसहीचा कागद असता तर त्यांनीच टोपलीत टाकला असता. सही मी केली होती.

"आता उपाय काय?"

"नवा अर्ज. पर नव्या अर्जाला सगळे दाखले नव्यानं." मस्क्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "बाकीच्यांचं जमंल, चार-सा महिने लागतील. हिचं न्हाई जमायचं." बोट थांबलं तिथं नाव होतं गयाबाईचं. साठी कधीच उलटलेली. नवरा तिकडं दूर एका कारखान्यावर तोडीला असतानाच गेला, तिथंच माती झाली. कुठंही नोंद नाही. जुन्या काळी गावानं सांगितलं म्हणून तिचं नाव यादीत घातलं होतं, आता मृत्यूच्या दाखल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही.

मस्के म्हणाले, "ती एकदा भाईर पडली ती पडलीच. तिला आत यायला वाटच न्हाई."

एकच वाट होती. तो कागद सरावाचा होता असं मी लेखी द्यायचं. मग बंद करण्याचा हुकूमच रद्द होणार आणि जुनी नावं जशीच्या तशी चालू होणार.

आमच्या प्राचार्यांना मी सगळं सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, लेखी काही देऊ नका. सरावाच्या कागदावर केंद्राचा शिक्का मारला, हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून देणार? वर्ष राहिलंय तुमचं. चौकशी लागली तर निवृत्तीवेतन लटकतं. दोन-दोन वर्षं लटकलेली मी पाहिलीत. त्यांना नवे अर्ज करू द्या, आपण मदत करू."

मी गप्प बसले. एक दिवस नाही, नऊ दिवस. माझे मिस्टर आधीच निवृत्त झालेले, त्यांच्या औषधाची पिशवी रोज माझ्या नजरेसमोर. त्या नऊ दिवसांत माझी एक बॅचही झाली. मी फळ्यावर 'सुटलेला' लिहिलं आणि तो सुटलेला तक्रार करायला येत नाही, हे नेहमीचं वाक्य म्हटलं. या वेळी जांभई आली नाही. पाठ वळवून उगाच फळा पुसत राहिले. त्या नऊ दिवसांची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटत राहिलेली बरी.

माझ्या लहानपणी आमचं परळीला भांड्यांचं दुकान होतं. तिथल्या थर्मल वीजकेंद्राची राख रोज भांड्यांवर बसायची. शाळेला जायच्या आधी फडकं घेऊन सगळी भांडी पुसायची, हे आम्हा बहिणींचं काम. कोणी गिऱ्हाईक गळकं भांडं परत घेऊन आलं की वडील पाणी भरून बघत बसत नसत. आधी नवं हातात द्यायचे, मग म्हणायचे, चहा घ्या. आई चिडायची, ते खरंच गळतं का ते तरी बघा. वडील म्हणायचे, दुकानावर नाव माझं आहे ना. दहाव्या दिवशी सकाळी भांडी घासताना हे मला आठवलं, आणि एकदम स्वतःचा इतका राग आला की हातातलं पातेलं मी दाणकन आपटलं. मिस्टर आतून म्हणाले, "जा आता. किती दिवस पातेल्यावर राग काढणार?" त्यांना सगळं माहीत होतं. मी कधी विचारते, याची ते वाट पाहत होते.

मी तीन पानी पत्र लिहून नेलं. प्रशिक्षणाचा हेतू, पद्धत, माझी चूक, माझी माफी. मस्क्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"मॅडम, एवढं कोन वाचनार? माफी काढून टाका. माफीला फाईलमधी जागा न्हाई."

त्यांनी स्वतः बसून पाच ओळी लिहिल्या. सदर अहवाल प्रशिक्षणातील सरावाचा असून प्रत्यक्ष पडताळणीचा नाही. त्यावरील माझी सही व शिक्का सरावापुरता आहे. सबब तो रद्द समजावा. मी सही केली. शिक्का मारला नाही. मग मस्क्यांनी पेन हातात घेतलं आणि माझ्या सहीखाली स्वतःच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'सदर कागद माझ्या हस्ते आवक झाला.' खाली सही. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांची नोकरी तर अजून बारा वर्षं राहिली होती.

"मस्के, हे कशाला?"

"तुमी एकल्याच कावून? आन मॅडम, ह्याला बी नंबर पडनार आता," ते म्हणाले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

पत्र गेलं नायब तहसीलदारांकडं. त्या तरुण बाई, चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून मोबाइल बघणाऱ्या. त्यांनी पत्र वाचलं, नियम काढला. हुकूम रद्द करता येईल, पण तेवीसही जणांनी एकाच दिवशी समक्ष हजर राहायचं. जो येणार नाही त्याचं नाव बंद. मला वाटलं, संपलं. आणि मग त्यांनी कॅलेंडर पुढं ओढलं आणि मला विचारलं, "मॅडम, ऊसतोडीच्या टोळ्या कधी परततात? तारीख त्याच्या नंतरची ठेवते."

सव्वीस वर्षांत कोणी मला विचारलेला हा सगळ्यांत चांगला प्रश्न. मी तिथंच डोळे पुसले. बाईंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी पंखा वाढवला.

तारीख मेमधली ठरली. त्या दिवशी अण्णांनी टेम्पो करून माणसं आणली. म्हाताऱ्या माणसांनी कचेरीचा व्हरांडा भरून गेला. पाण्याचा जार, बिस्किटांचे पुडे, सगळी व्यवस्था अण्णांची. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि कोणी 'हाय' म्हणत होतं, कोणी 'जी', कोणी नुसता हात वर. दुपारपर्यंत बावीस झाले. तेविसावं नाव तीन वेळा पुकारलं. उत्तर आलं नाही.

गयाबाईच्या टोळीचा कारखाना उशिरापर्यंत चालला होता. अण्णांनी टोळीच्या मुकादमाला फोन लावला. ट्रक आदल्या दिवशीच निघालाय, म्हणाला. कुठं आहे, सांगता येत नाही. जिच्यासाठी ही सगळी खटपट, नेमकी तीच नाही. बावीस जण घरी गेले. आम्ही तिघं व्हरांड्यात बसून राहिलो, मी, अण्णा आणि मस्के. चार वाजता फोन लागला, ट्रक गेवराईच्या बायपासला गाड्यांच्या रांगेत अडकलेला. अण्णा फोनवर ओरडले, "बे, घराकडं जाऊ नकू! गाडी सरळ कचेरीत घाल!"

पाच वाजले, साडेपाच वाजले. शिपाई खिडक्या लावू लागला. नायब तहसीलदार बाई रजिस्टर उघडं ठेवून नुसत्या बसून होत्या. पावणेसहाला फाटकातून ट्रक आत आला. वर भांडी, गोधड्या, लाकडं, कोंबड्यांची डाल, आणि त्या सगळ्यावर माणसं. शेंड्याला एका गाठोड्यावर एक वाळकी म्हातारी, मांडीवर झोपलेलं नातवंड. तिला उतरवायला माणसं पुढं झाली तशी ती म्हणाली, "थांबा, लेकरू जागं व्हईल."

मग बाईच रजिस्टर घेऊन बाहेर आल्या. ट्रकखाली उभ्या राहून त्यांनी वर पाहिलं.

"गयाबाई तुम्हीच का?"

"मंग? मी न्हाई तर कोन?"

बाईंनी ट्रकच्या फळीला रजिस्टर टेकवून खूण केली. झालं. मस्क्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला तो ऐकू आला. अण्णा भिंतीकडं तोंड करून उगाच फोनवर बोलत होते, पण पलीकडं कोणी नव्हतं.

माझं म्हणाल तर पुढं नोटीस आली, मी उत्तर दिलं, समज देऊन प्रकरण बंद झालं. निवृत्त वेळेवर झाले आणि पेन्शनही पहिल्याच महिन्यापासून सुरू झाली. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं.

गयाबाईला खाली उतरवून आम्ही फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाला बसवलं. तिला वाटत होतं, काहीतरी सरकारी मोजणी आहे. मला तसंच निघून जाता आलं असतं. पण मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं. तुमचा पगार बंद झाला होता, तो माझ्या सहीनं. मी शिकवायला आले होते आणि कागद तिसरीकडंच गेला.

ती बशीतला चहा फुंकत ऐकत होती. "मंग चालू कुनी केला?"

"मीच लिहून दिलं, चुकलं म्हणून. पण नऊ दिवस उशिरा दिलं. भीती वाटत होती."

"तुमाला? कावून?"

"माझा पगार बंद पडेल म्हणून."

तिनं बशी खाली ठेवली. माझ्याकडं नीट पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत.

"मंग? पडला का बंद?"

"अजून तरी नाही. पण सांगता येत नाही."

नायब तहसीलदार बाई कचेरीला कुलूप लावून समोरून येत होत्या, रजिस्टर काखेत. गयाबाईनं माझं मनगट धरलं, माझा हात वर केला आणि टपरीवरून खणखणीत हाक मारली, "ओ बाईसाहेब! ती वही उघडा जरा. ह्या बाईचं बी नाव लिवा. ह्या बी हजर हायत, बघा!"